तिसरीच्या वर्गाचा मूक मोर्चा

मी पत्रकांवर वाढले. धुळ्यातल्या आमच्या घरी फडताळात कागद अंथरायचा तर जुनं पत्रक, भाकरीच्या टोपलीत खाली घालायचं तर जुनं पत्रक. मला अक्षरओळख करून द्यायची वेळ आली तेव्हाही आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुढ्यात पत्रकच ठेवलं. ‘जाहीर सभा! जाहीर सभा!! जाहीर सभा!!!’ बालवाडीतली इतर मुलं ‘कमळ’ वाचत होती तेव्हा मला ‘निषेध’ वाचता येत होतं.

आमच्याकडे सगळ्या दुखण्यांवरचे उपाय ठरलेले होते. नळाला पाणी येत नाही, पत्रक काढा. रेशनचा गहू किडका निघाला, पत्रक काढा. पत्रकाने भागलं नाही तर मोर्चा. पहिला मोर्चा मी आबांच्या खांद्यावर बसून पाहिला आणि स्वतःच्या पायांनी चालायला लागल्यावर एकही चुकवला नाही. त्यामुळे जळगावला, पिंप्राळ्यातल्या एका प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गावर शिक्षिका म्हणून लागले तेव्हा माझी समजूत पक्की होती की जग सुधारायला जे पुरतं ते एका वर्गाला सहज पुरेल.

शाळा लहान होती. वर्गात बाकं नव्हती, पट्ट्यापट्ट्यांच्या प्लॅस्टिकच्या चटया होत्या. वर्गातल्या एका मुलीची आई चटईच्या कारखान्यात कामाला होती. रंग चुकलेल्या, कडा उसवलेल्या चटया तिने मालकाच्या मागे लागून शाळेसाठी मिळवल्या होत्या. लाल, हिरवी, पिवळी पट्टी, पुन्हा लाल. या पट्ट्यांवरून आमच्या वर्गात रोज सीमावाद पेटायचा.

“मॅडम, हा माझ्या हिरव्यावर येऊन राहिला!”

“मी नाही आलो मॅडम, फक्त गुडघा आला!”

“गुडघा काय शेजारच्यांचा आहे का रे तुझा?”

मी एक भांडण मिटवेपर्यंत मागच्या चटईवर दुसरं सुरू झालेलं असायचं. आणि या सगळ्यात एक मुलगी कुठल्याच पट्टीवर नसायची. तिला सगळे भिंगरी म्हणत. पेन्सिलीला टोक करायला ती खिडकीपाशी जायची, खिडकीतून रस्त्यावरचा केळीचा ट्रक दिसला की तो वळणाआड जाईपर्यंत गजांना लटकायची, तिथून पाणी प्यायला, पाण्याकडून माझ्या टेबलाशी, “मॅडम, तुमच्या बांगड्या नव्या का?” तिच्या मागे दोघं उठत, त्यांच्या मागे चौघं. चटया मिळवून देणारी ती आई हिचीच. ज्या मुलीमुळे वर्गाला बसायला चटया मिळाल्या, तीच तेवढी त्यांच्यावर बसत नव्हती.

आमच्या भिंतीपलीकडे मुख्याध्यापिकांची खोली होती. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. गोंगाट वाढला की त्या पलीकडून डस्टरने भिंत ठोकायच्या आणि तरी थांबला नाही तर स्वतः यायच्या. खरं तर त्या कायम कुठून तरी कुठे तरी निघालेल्याच असत. व्हरांड्यात त्यांच्या चपलांचा आवाज दिवसभर फिरत राहायचा.

मी माझा उपाय केला. एका मोठ्या कार्डशीटवर लाल शाईने ‘इयत्ता तिसरीच्या वर्गाचे जाहीर निवेदन’ लिहून भिंतीला चिकटवलं. कलमं बरीच होती. सर्वांनी जागेवर बसावे. न विचारता उठू नये. दुसऱ्याच्या पट्टीवर अतिक्रमण करू नये. मुलांनी ते मोठ्याने, अडखळत वाचलं. भिंगरीने उभ्यानेच वाचलं आणि विचारलं, “मॅडम, यात सगळं बसा, बसा, बसाच आहे. उभं कधी राहायचं?”

वर्ग हसला. मीही हसले, पण निवेदनाकडे पुन्हा पाहिलं तेव्हा चेहऱ्यावरचं हसू गेलं. ज्या पत्रकांवर मी वाढले त्यांतल्या मागण्या खाली बसलेल्या माणसांच्या असायच्या आणि त्या खुर्चीतल्या माणसाकडे जायच्या. हे पहिलं निवेदन असं होतं की ज्यात सगळ्या मागण्या खुर्चीच्या होत्या. मी नकळत सरकार झाले होते! शाळेतल्या माणसांनी दिवसभरात सर्वांत जास्त वेळा उच्चारलेला शब्द कोणता, ते कुणीही व्हरांड्यात उभं राहून ऐकावं. ‘शिका’ नाही, ‘विचार करा’ नाही. ‘बसा!’ ज्या वयात अंगातलं रक्त उड्या मारत असतं त्या वयातल्या लेकरांना आपण सकाळपासून दुपारपर्यंत मांडी घालायला लावतो, आणि ती हलली की त्यांना बेशिस्त म्हणतो. मी तो कागद त्याच दिवशी काढला. मात्र त्या जागी काय लावायचं ते मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात चहाचं प्रकरण झालं. मधल्या सुट्टीत खिचडीची घंटा झाली, भिंगरी वर्गातून सुटली आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यावर मोठ्या बाईंना धडकली. बाईंच्या हातात चहाचा ग्लास होता आणि अंगावर फिकट रंगाची साडी.

त्यांनी मला खोलीत बोलावलं. पदर पाण्याने पुसता पुसता म्हणाल्या, “दिवाळीपर्यंत बघते. नाही सुधारली तर सुट्टीनंतर तिला दुसरीत बसवते. तिथल्या गुरुजींच्या धाकात राहील.”

“बाई, हे कायद्यात बसत नाही,” मी तडकून म्हणाले. “मुलाला वयाप्रमाणेच...”

“कायद्यात बसत नसेल. ती तरी कशात बसते?” बाई म्हणाल्या. “आणि तुम्ही भाषण नका देऊ, मॅडम. वर्ग दाखवा.”

तिच्या आईला निरोप गेला. ती कारखान्यातून तशीच आली, केसांत प्लॅस्टिकचे बारीक तुकडे अडकलेले. माहेर नरडाण्याकडचं, बोली अहिराणी. “काय करू मॅडम? मन्ही पोर वाईट नही शे. तिना पायमा भिंगरी शे. घरमा बी जेवतांना फिरस. बठ्ठा पोरे बसतस, हाईच एक उभी ऱ्हास. आनी चटाया कोन आन्यात? मी! लाज वाटस माले.”

भिंगरी शेजारी उभी होती. दुसरीत बसवणार हे ऐकेपर्यंत ती एका पायावर झुलत होती. मग तिने दुसरा पाय खाली टेकला. दुसरीत तिचा धाकटा भाऊ होता.

“मी त्याच्या शेजारी नाही बसणार,” ती म्हणाली. “तो घरी सगळ्यांना सांगेल, ही माझ्या वर्गात आहे. मी शाळेतच नाही येणार मग.”

तिने हे रडून किंवा धमकी देऊन म्हटलं नाही. ठरवून टाकल्यासारखं म्हटलं. ज्या मुलीला पेन्सिलीला टोक होईपर्यंत एका गोष्टीवर टिकता येत नव्हतं, तिचा हा निश्चय टिकेल याबद्दल मला शंका वाटली नाही. मला भीती वाटली.

शनिवारी एसटीने धुळ्याला गेले. डोक्यात शिक्षणाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा होता. दारातच आबांनी विचारलं, “काबरं वं, तोंड उतरेल शे?” मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “पत्रक काढते.”

“काढ,” आबा म्हणाले. “पण आधी बुद्धविहारात चल. पुस्तिकेची पानं लावायची आहेत, हात कमी पडून राहिले.”

पानं लावण्याचं काम आमच्याकडे असं चालतं. छापून आलेल्या पानांचे गठ्ठे विहाराच्या फरशीवर ओळीने मांडायचे. पहिला गठ्ठा पहिल्या पानाचा, पुढचा दुसऱ्या पानाचा, असं गोल. मग सगळ्यांनी एकामागे एक त्या गोलाभोवती चालायचं आणि प्रत्येक गठ्ठ्यावरून एक एक पान उचलायचं. फेरी संपली की हातात पुस्तिका तयार. ती टाचणाऱ्याकडे द्यायची आणि पुढच्या फेरीला लागायचं. मी हे लहानपणापासून करत आले. त्या दिवशी आमच्या गल्लीतली पोरंही फेरीत होती. यातली दोन अशी होती की एरवी एकमेकांचे केस उपटल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. ती पुढे-मागे शांत चालत होती. थांबलं तर मागचा अंगावर येतो, पळालं तर पान सुटतं, भांडायचं तर हात मोकळे नाहीत. एक जण जाता जाता पानावरचा मथळा वाचत होता.

मी चालता चालता थांबले. मागची मावशी माझ्यावर आदळली. “अवं चाल ना, बुद्धी चालायला लागली का पाय थांबता का तुझे?”

पण मला आठवलं होतं. आबांनी पुढ्यात पत्रक ठेवून अक्षरं दाखवली खरी, पण वाचायला मी शिकले ते इथे, या फेऱ्यांत. चालता चालता.

सोमवारी मी चटया गोलात मांडल्या. मध्ये मध्ये चिठ्ठ्यांचे ढीग ठेवले, प्रत्येक ढिगात वाक्यातला एक शब्द. फेरी मारा, शब्द उचला, जागेवर येऊन वाक्य लावा. पहिल्या फेरीत धक्काबुक्की झाली. कारण लय नव्हती. चालायची लय आणायला मला एकच गोष्ट येत होती, घोषणेचा ठेका. मी म्हटलं, “सात एके?” सगळे म्हणाले, “सात!” पावलं पडायला लागली. सात दुणे, चौदा. सात त्रिक, एकवीस. मुलांना पाढा इतका जोरात म्हणायची परवानगी जन्मात कुणी दिली नव्हती. पाचव्यावर भिंगरीने, कुठे ऐकलं होतं कोण जाणे, मूठ वर केली.

“सात पंचे पस्तीस!”

“झालेच पाहिजेत!” वर्ग गरजला.

“सात सक बेचाळीस!”

“झालेच पाहिजेत! झालेच पाहिजेत!”

माझंही रक्त तापलं. माझाही हात वर गेला. भिंतीवर डस्टर वाजत असेल तर ते ऐकू येणं शक्य नव्हतं. वर्ग दारातून व्हरांड्यात कधी गेला आणि फेरी मोर्चा कधी झाली ते मला नेमकं सांगता येणार नाही. आधल्या आठवड्यात खिचडीत खडे निघाले होते आणि पालक येऊन जाब विचारणार अशी कुजबुज होती. मोठ्या बाईंनी घोषणा ऐकल्या आणि आतून कडी घातली. आम्ही दारासमोर पोचलो तेव्हा आतून खणखणीत आवाज आला,

“शांततेने घ्या! दोन प्रतिनिधी आत या, बाकीचे बाहेर थांबा!”

वर्ग गप्प झाला. सगळ्यांनी भिंगरीकडे पाहिलं. ती आणि एक गोलमटोल मुलगा पुढे झाले, कडी निघाली आणि बाईंनी समोर पालकांच्या उंचीवर पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं. मग खाली पाहिलं.

“काय आहे?” त्यांनी विचारलं. “मागणी काय तुमची?”

भिंगरीने क्षणभर विचार केला. “सात सत्ते एकोणपन्नास,” ती म्हणाली.

बाईंचं तोंड वळलं. त्या पाठमोऱ्या झाल्या, टेबलावरचं पाणी प्यायल्या, आणि पुन्हा वळल्या तेव्हा चेहरा शक्य तितका कडक होता. मुलांना वर्गात पाठवून त्या मला म्हणाल्या, “पाढा बरोबर आहे, एवढंच सांगते. पण हे पुन्हा ऐकू आलं तर दिवाळीची वाट नाही बघणार. आवाज नको, मॅडम. अजिबात नको.”

मी वर्गात येऊन चटईवर बसले. “आवाज केला तर भिंगरीला दुसरीत नेतील,” मी सांगून टाकलं. मुलांपासून लपवून काही करणं मला जमत नाही. “पण चालणं आपण सोडायचं नाही. काय करू या?”

बऱ्याच सूचना आल्या. दारं लावू, सुट्टीत करू, मैदानात जाऊ. मैदान म्हणजे गेट आणि टाकी यांमधली जागा. शेवटी तो गोलमटोल मुलगा म्हणाला, “मॅडम, मूक मोर्चा काढू ना. माझ्या काकांनी काढला होता. त्यात बोलतच नाही कोणी.”

मी पत्रकांवर वाढलेली बाई, आणि हे मला सुचलं नव्हतं!

मूक मोर्च्याचे नियम मुलांनी केले. ते नियम माझ्या जाहीर निवेदनाहून कडक होते. हिरव्या पट्टीवर टाचांवर चालायचं, लाल पट्टीवर चवड्यांवर, पिवळीवर हळू, हत्तीसारखं. खिचडीचं ताट डोक्यावर, ताटात खडूचे तुकडे. खडू वाजला तर तो माणूस फेरीबाहेर, आणि बाहेर म्हणजे जाग्यावर बसणं. पट्ट्या आता कुणाच्याच राहिल्या नव्हत्या, रस्ते झाल्या होत्या. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याशी किती भांडणार? सकाळी आल्यावर एक फेरी, गणिताच्या आधी एक, खिचडीनंतर एक. फेरीनंतर मुलं जी बसायची ती दमून नव्हे, तर बसायला मिळालं म्हणून बसायची. लेखन व्हायचं, वाचन व्हायचं, आणि पुन्हा चुळबुळ सुरू झाली की मी नुसता हात वर करायचे. सगळे ताटं घेऊन उभे.

सगळे दिवस असे गोड नव्हते. एकदा मूक मोर्च्याची मूक कुस्ती झाली. तोंडातून अवाक्षर न काढता दोघं एकमेकांना लोळवत होते, नियम पाळून. आणि भिंगरी सुरुवातीला रोज हरायची. तिला सावकाश चालताच येत नव्हतं. खडू सर्वांत आधी तिचाच वाजायचा आणि ती पाय आपटत बसायची. मला वाटलं, जिच्यासाठी हे सगळं मांडलं तिचाच यात पराभव होणार. मी तिच्यासाठी नियम सैल करायला निघाले, तर तीच चिडली. “नाही मॅडम. मी करीन.” ती घरी आईच्या ताटात खडू ठेवून चालायला लागली. आई फाटकात भेटली तेव्हा म्हणाली, “आते जेवतांना फिरस नही. ताट डोकावर ठी फिरस. जेवन झायं का मंग फिरस.” तक्रार होती की कौतुक, तिलाही ठरवता येत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीच्या आधीचा दिवस आला. मोठ्या बाई येतील, वर्ग पाहतील, म्हणून मुलं केस ओले करून चापून बसवून आली होती. पहिली फेरी झाली, बाई आल्या नाहीत. खिचडी झाली, तरी आल्या नाहीत. व्हरांड्यात त्यांच्या चपला वाजायच्या, वर्ग ताठ व्हायचा, चपला पुढे जायच्या. भिंगरीने खिडकीकडे एकदाही पाहिलं नाही. शेवटी ती उठली, ताट डोक्यावर ठेवलं आणि माझ्यापाशी आली.

“मॅडम, त्या येत नसतील तर आपणच जाऊ.”

हे वाक्य मी आबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की ‘नाही’ म्हणणं मला शक्यच नव्हतं.

वर्ग ताटं घेऊन बाहेर पडला. व्हरांड्यात अनवाणी पावलांचा देखील आवाज नव्हता. दुसरीच्या दारातून तिचा भाऊ बघत होता, तोंड उघडं. भिंगरी सर्वांत पुढे होती, लाल पट्टी नसतानाही चवड्यांवर. दारापाशी आम्ही थांबलो. कुणी दार वाजवलं नाही, कारण ते नियमात नव्हतं. आम्ही उभे राहिलो. खडू वाजला नाही.

थोड्या वेळाने दार आतून उघडलं. बाई घाबरून बाहेर आल्या होत्या. “काय झालं? वर्ग कुठे गेला? पलीकडून काहीच...” मग त्यांना ताटांची रांग दिसली. त्यांनी ती रांग टोकापर्यंत पाहिली. चष्मा काढून पुसला.

“दोन प्रतिनिधी आत या,” त्या म्हणाल्या.

या वेळी भिंगरी एकटीच गेली. ताट तिने टेबलावर ठेवलं. मी दारात उभी होते.

“मागणी काय?”

“माले तिसरीतच बसनं शे,” ती म्हणाली. शाळेत ती अहिराणी कधी बोलत नसे. मग सावरून पुन्हा म्हणाली, “मला तिसरीतच बसायचंय.”

“बसशील?”

भिंगरीने खोटं बोलायचा प्रयत्न केला असता तर चाललं असतं. मी मनातल्या मनात तिला ‘हो म्हण’ असं सांगत होते.

“बसेन,” ती म्हणाली. “पण मधी मधी उठेन.”

“मधी मधी म्हणजे किती?”

“तुम्ही उठतात तेवढंच, बाई.”

बाईंनी आपल्या खुर्चीकडे पाहिलं, मग आपल्या पायांतल्या चपलांकडे. त्या उभ्याच होत्या. मग त्यांनी ताटातला एक खडू उचलला, तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “ठीक आहे. तिसरीतच. मात्र मॅडम, सुट्टीनंतर दुसरीचा वर्ग पण घ्या तुमच्या मागे. गुरुजींचा आवाज बसलाय ओरडून ओरडून.”

“माझा भाऊ माझ्या मागे चालेल?” भिंगरीने विचारलं.

“मागेच चालेल.”

तिने ताट डोक्यावर ठेवलं आणि बाहेर आली. बाहेर कुणी काही विचारू शकत नव्हतं, मोर्चा मूक होता. तिने नुसती मान हलवली, आणि खडू ताटातून घरंगळून फरशीवर पडला, टक्कन. नियमाप्रमाणे ती बाद झाली. नियमाप्रमाणे ती जागच्या जागी, व्हरांड्यात, मोठ्या बाईंच्या दारासमोर, मांडी घालून खाली बसली, आणि पूर्ण रांग तिच्या बाजूने पुढे जाईपर्यंत हलली नाही.

शाळा सुटली. गेटच्या बाहेर पाऊल पडताक्षणी मुलांनी दिवसभर पोटात धरलेला आवाज सोडला.

“सात सत्ते?”

“एकोणपन्नास!”

“झालेच पाहिजेत!”

आतून भिंतीवर डस्टर वाजल्याचा आवाज आला. मी मागे वळून पाहिलं, तर मोठ्या बाई खिडकीत उभ्या होत्या आणि डस्टर घोषणेच्या ठेक्यावर पडत होता.